आफ्रिकेत मुलींचा फुटबॉल कार्यक्रम उभा करायचा तर

केनियाच्या किनाऱ्यावर किलिफीत ‘मूव्हिंग द गोलपोस्ट्स’ ही संस्था २००१ पासून मुलींसाठी फुटबॉल चालवते. नैरोबीच्या मथारे वस्तीतली ‘मायसा’, म्हणजे मथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन, त्याहून जुनी, १९८७ ची. पण तिची सुरुवात मुलग्यांपासून झाली आणि मुलींचे संघ काही वर्षांनी आले. झांबियात ‘गो सिस्टर्स’ आहे, झिंबाब्वेत २००२ साली सुरू झालेलं ‘ग्रासरूट सॉकर’ आहे. एवढा अनुभव जमा असूनही नवे कार्यक्रम बहुतेकदा त्याच जागी अडखळतात. आधी चेंडू आणि जर्सी येतात, फोटो निघतात, आणि एक सत्र संपेपर्यंत मैदानावर मोजक्याच मुली उरतात. मुलीचा दिवस कसा जातो, मैदान कुणाच्या ताब्यात आहे आणि शिट्टी कुणाच्या हातात आहे, हे तीन प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात.

पुढची पद्धत या तीन प्रश्नांभोवती रचली आहे. उदाहरणं मुख्यतः केनियाच्या किनाऱ्यावरची आहेत. कायदे आणि फोन नंबरही तिथलेच. काम दुसऱ्या देशात असेल तर त्या जागी तिथले कायदे नि नंबर घालून घ्या, क्रम तोच ठेवा.

पहिले सहा आठवडे चेंडूविना

११ ते १७ वयाच्या दहा-बारा मुली आणि तितक्याच आया-आज्या यांना वेगवेगळं बसवा. जमिनीवर पहाटेपासून रात्रीपर्यंतची रेघ ओढा आणि कुठल्या वेळी कुठलं काम, ते खड्यांनी मांडायला सांगा. पाणी, सरपण, धाकटी भावंडं, रात्रीचं जेवण, शाळा, मदरसा किंवा चर्च. मुलींची रेघ आणि आयांची रेघ जुळणार नाही. आया मुलीचं काम कमी सांगतात असं नाही, त्यांना ते काम वाटतच नाही. दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या की मोकळी फट कुठे आहे ते दिसतं.

किनाऱ्यावर ही फट साधारण चार ते सहा अशी निघते. शाळा साडेतीन-चारच्या सुमारास सुटते. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो आणि संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. त्यामुळे सराव साडेपाचला संपला पाहिजे. सहाला संपला तर लांबची मुलगी अंधारात घरी पोचते, आणि एकदा तसं झालं की तिचं येणं बंद होतं. वेळ जाहीर करताना स्वाहिली घड्याळात सांगा. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून दुपारचे चार म्हणजे ‘सा कुमी’, दहावा तास. बाहेरून आलेला माणूस सरळ चारचा आकडा घेऊन ‘सा न्ने’ म्हणाला, तर ऐकणाऱ्याला सकाळचे दहा कळतात.

पाण्याचं काम टाळता येत नाही, त्याची सोय करावी लागते. २० लिटरचा जेरीकॅन घेऊन मुलगी सरावाला येऊ शकते का, मैदानाजवळ नळ किंवा बोअर आहे का, सरावानंतर तिथूनच भरून नेता येईल का, हे पाहा. मैदान निवडताना गवतापेक्षा पाण्याचा नळ महत्त्वाचा. भावंडांसाठी झाडाखाली चटई टाका आणि एका प्रौढ बाईला त्याचं मानधन द्या. हे काम खेळाडूंनाच पाळीपाळीनं वाटलं तर ठरावीक चार मुली कायम चटईवरच दिसतील.

वर्षाचं वेळापत्रकही याच टप्प्यात आखा. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात राष्ट्रीय परीक्षा. रमजानमध्ये दुपारचा कडक सराव नको. देणगीदाराचं आर्थिक वर्ष यातल्या कशाशीच जुळत नाही. स्पर्धा मेमध्ये ठेवा असं कुणी सुचवलं तर पावसाचं कारण देऊन लेखी नकार द्या, नाहीतर चिखलातल्या रिकाम्या मैदानाचा अहवाल तुम्हालाच लिहावा लागेल.

परवानगी

परवानगीसाठी मुलीच्या घरी जाताना दोघांनी जा, त्यातली एक स्थानिक बाई हवी. सही बाप करतो, निर्णय पुष्कळदा आजी घेते. त्यामुळे दोघंही घरी असतील ती वेळ साधा. पहिल्या भेटीत सही मागू नका. सराव कुठे, किती वाजेपर्यंत, सोबत कोण मोठं माणूस, कपडे कोणते, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, या पाच प्रश्नांची उत्तरं त्यांनी न विचारता द्या. फुटबॉल खेळल्यानं मूल होत नाही किंवा लग्न जमत नाही, ही शंका कुणीतरी काढणारच. तिच्यावर व्याख्यान देण्यापेक्षा दवाखान्यातल्या नर्सला एकदा पालकसभेत बोलवावं.

संमतिपत्र स्वाहिलीत, एका पानाचं, वाचून दाखवलेलं. सही येत नसेल तर अंगठा. फोटोची संमती वेगळ्या कागदावर घ्या. केनियात २०१९ चा माहिती संरक्षण कायदा लागू आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. फोटोला नकार दिला म्हणून संघातून वगळायचं नाही, हे त्याच कागदावर लिहिलेलं असू द्या.

गावपातळीवर चीफ किंवा असिस्टंट चीफ, म्हणजे सरकारनं नेमलेला स्थानिक अधिकारी, याच्या बराझात, म्हणजे जाहीर सभेत, कार्यक्रमाची माहिती द्या. इमाम आणि पाद्री यांना त्याआधी खासगीत भेटा. जाहीर सभेत पहिल्यांदा ऐकलेल्या गोष्टीला माणूस सावधपणानं विरोध करतो आणि मग तो विरोध मागे घेणं त्याला अवघड जातं. डोकं झाकून खेळण्याचा मुद्दा निघाला तर उत्तर सोपं आहे: खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळानं २०१४ पासून त्याला अधिकृत मान्यता दिली आहे, आणि २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली. स्त्रियांच्या मुख्य विश्वचषकातली तशी ती पहिलीच.

मैदानाचा ताबा

खरा संघर्ष इथे होतो. मैदान ‘सगळ्यांचं’ असतं, म्हणजे साडेचारनंतर मुलग्यांचं असतं. तोंडी आश्वासन पहिल्या मोठ्या सामन्यापर्यंत टिकतं.

म्हणून लेखी करार करा. कुठले वार, किती ते किती, मुलग्यांची स्पर्धा आली तर मुलींना पर्यायी वार कोणता, गोलपोस्टची दुरुस्ती कुणाकडे, आणि कुणी मैदान सोडलं नाही तर फोन कुणाला करायचा. यावर शाळेचे मुख्याध्यापक, मुलग्यांच्या क्लबचा कर्णधार आणि असिस्टंट चीफ, तिघांच्या सह्या हव्यात. कर्णधाराची सही सर्वांत महत्त्वाची, कारण भांडण त्याच्याच पोरांशी होणार आहे. एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावा. मुलींना मिळालेले वार चांगले आहेत की उरलेले, तेही तपासा. रविवारी सकाळी चर्चच्या वेळेला दिलेलं मैदान काही कामाचं नाही.

निकृष्ट मैदानाचा प्रश्न वरपर्यंत जातो. जुलै २०२३ मध्ये, विश्वचषकाच्या तोंडावर, दक्षिण आफ्रिकेच्या स्त्री खेळाडूंनी मानधन आणि मैदानाची खराब जमीन या कारणांवरून बोत्स्वानाविरुद्धचा सामना खेळायला नकार दिला. संघटनेनं १३ वर्षांच्या मुलीसह बदली संघ उतरवला आणि तो ५-० हरला. हाच देश वर्षभरापूर्वी आफ्रिकेचा विजेता होता.

सात-सातच्या खेळाला साधारण ५५ ते ६० मीटर लांब आणि ३५ ते ४० मीटर रुंद जागा पुरते. सरावाआधी सगळ्या मुलींनी एक-एक मीटर अंतरावर ओळ करून मैदान पायाखालून घालायचं. काचा, काटे, दगड उचलून बादलीत टाकायचे. दहा मिनिटं लागतात. हलवता येणारे लोखंडी गोलपोस्ट असतील तर मागची बाजू खुंट्यांनी किंवा वाळूच्या पोत्यांनी पक्की करा आणि आडव्या दांड्याला लोंबकळायला सक्त मनाई करा. उलटलेल्या गोलपोस्टनं मुलं दगावली आहेत. लाकडी खांब रोवायचे तर निदान ६० सेंमी खोल.

शेवटी संध्याकाळी सहा वाजता मैदानापासून सर्वांत लांबच्या घरापर्यंत स्वतः चालत जा. वाटेत दारूचा अड्डा, बोडा-बोडावाल्यांचा, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांचा, थांबा, उसाचं किंवा मक्याचं उंच शेत कुठे लागतं ते नकाशावर मांडा. त्यावरून मुलींचे घरी जायचे गट ठरवा. कुठलीही मुलगी एकटी निघणार नाही, आणि प्रशिक्षकाच्या मोटारसायकलवर एकटीला कधीच बसवायचं नाही.

सामान

२४ मुलींच्या गटाला दहा ते बारा चेंडू हवेत. दोन-तीन मुलींमागे एक चेंडू नसेल तर सराव म्हणजे रांगेत उभं राहणं होतं, आणि रांगेत मागे राहणाऱ्या नेमक्या नव्या आणि लाजऱ्या मुली असतात. १४ वर्षांखालच्यांना ४ नंबरचा चेंडू द्या: घेर ६३.५ ते ६६ सेंमी, वजन ३५० ते ३९० ग्रॅम. त्यापुढे ५ नंबर: ६८ ते ७० सेंमी, ४१० ते ४५० ग्रॅम. कडक, उघड्या जमिनीवर हवा नियमातल्या खालच्या टोकाला, ०.६ ते ०.७ वातावरण दाबाइतकीच ठेवा; पूर्ण फुगवलेला चेंडू गुडघ्याएवढा उसळतो आणि नवशिक्यांना थांबवताच येत नाही. बाभळीचे काटे असलेल्या भागात ब्लॅडर बदलता येणारे शिवलेले चेंडू घ्या, किंवा पंक्चर न होणारे फेसाळ प्लास्टिकचे. हे दुसरे टिकतात जास्त, पण त्यांचा स्पर्श वेगळा असतो, म्हणून सामन्यासाठी दोन तरी नेहमीचे चेंडू राखून ठेवा. एक पंप, दहा सुया. सुया सगळ्यांत आधी हरवतात आणि सुईअभावी बाराच्या बारा चेंडू महिनाभर पडून राहतात. संघ ओळखू यावेत म्हणून शर्टावर घालायचे दोन रंगांचे बारा-बारा बिब आणि चाळीस मार्कर शंकू एवढ्यात गटाचं भागतं.

बुटांच्या बाबतीत एकच नियम: मैदानावर सगळ्यांच्या पायात सारखं काहीतरी. खिळ्यांचे बूट आणि अनवाणी पाय एकत्र आले की नखं उखडतात आणि बोटं मोडतात. सगळ्यांनी अनवाणी खेळणं न्याय्य असलं तरी जिथे शौचालयं कमी आणि माती ओलसर आहे तिथे अंकुशकृमी उघड्या तळव्यातून शरीरात शिरतात. तेव्हा साध्या कापडी बुटांची सामाईक पेटी करा: मापानुसार मांडलेली, सरावाआधी घ्यायची, नंतर परत ठेवायची. घरी दिलेले बूट विकले जातात किंवा भावाच्या पायात जातात. त्यात नवल नाही, घरात तेच सर्वांत महागडे असतात.

कपड्यांत गडद रंगाची चड्डी, तिच्याखाली किंवा तिच्याऐवजी लेगिंग्स, सैल टी-शर्ट. पांढरी चड्डी कधीही नको. स्पोर्ट्स ब्रा बहुतेक याद्यांतून सुटते. १२-१३ नंतर ती नसल्यामुळे मुली धावणं टाळतात आणि कारण कुणाला सांगत नाहीत. मापं बाई प्रशिक्षकानं घ्यावीत आणि मुलीमागे किमान दोन द्याव्यात. कपडे बदलायला खोली नसेल तर दोन झाडांमध्ये दोरी बांधून तीन-चार कांगा, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात ती रंगीत कापडं, टांगले तरी आडोसा होतो.

पाळीसाठी मैदानावरच्या डब्यात दोन पाकिटं पॅड, दोन जादा गडद चड्ड्या, साबण, कागदी पिशव्या आणि वेदनाशामक गोळ्या ठेवा. गोळ्या पालकांच्या संमतीनंच. डबा मुलींच्याच हाती द्या, कुलूप नको, ‘मागून घ्या’ असंही नको. केनियानं २००४ मध्ये पॅडवरचा मूल्यवर्धित कर काढला आणि २०१७ च्या कायद्यानं शाळकरी मुलींना सरकारनं मोफत पॅड पुरवावेत असं ठरवलं. शाळा सुटलेली मुलगी मात्र त्या योजनेत बसत नाही, आणि तुमच्या संघात अशा मुली असणारच. धुऊन वापरायचे पॅड स्वस्त पडतात, पण पाणी, साबण आणि उन्हात उघड्यावर वाळवायची मुभा या तिन्ही गोष्टी असतील तरच द्या. पलंगाखाली ओलसर सुकवलेल्या पॅडनं त्रास होतो. मैदानाजवळच्या शौचालयाला आतून कडी आहे का, ते आज जाऊन पाहा. एक कडी आणि चार स्क्रू यांनी हजेरी वाढते.

शिट्टी कुणाच्या हातात

पुष्कळ कार्यक्रमांत मुख्य प्रशिक्षक पुरुष आणि ‘सहायक’ बाई असते. ती हजेरी घेते, पाणी देते, रडणाऱ्या मुलीला समजावते. मुली हे बघून शिकतात, तुम्ही समानतेवर काय बोलता ते बाजूलाच राहतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून शिट्टी आणि सरावाचा आराखडा बाईकडे असावा. अनुभवी पुरुष प्रशिक्षक असेल तर तो तिच्यासोबत, ठरावीक मुदतीपुरता, तिला तयार करण्यासाठी. दोन प्रौढ माणसं हजर असल्याशिवाय सराव सुरू करायचा नाही.

प्रशिक्षक शोधताना संघातल्याच १७-१८ वर्षांच्या मुली घ्या. त्यांना मानधन द्या, प्रवासखर्च वेगळा, एम-पेसा या मोबाइल पैसे-सेवेतून थेट त्यांच्याच नंबरवर. ‘स्वयंसेवक’ म्हणून फुकट राबवलेली मुलगी पगाराची नोकरी मिळताच जाते, आणि जायलाच हवं. देशाच्या फुटबॉल संघटनेमार्फत आफ्रिकन महासंघाचे परवाना वर्ग होतात; सर्वांत खालच्या ‘डी’ परवान्यासाठी दरवर्षी दोन मुलींची नावं द्या. वर्ग निवासी असेल तर तान्ह्या बाळासकट राहता येईल का, हे आधी विचारा. पंचांचंही तसंच. रवांडाच्या सलीमा मुकानसांगा यांनी जानेवारी २०२२ मध्ये पुरुषांच्या आफ्रिका चषकातला सामना मुख्य पंच म्हणून चालवला. तोपर्यंत त्या स्पर्धेत हे कुठल्याही बाईनं केलेलं नव्हतं. गावातल्या मुलग्यांच्या लीगमध्ये तुमच्या मुली पंच म्हणून उभ्या राहिल्या की मैदानाच्या वेळापत्रकावरची भांडणं कमी होतात, कारण आता मुलग्यांनाही त्यांची गरज असते.

दर मैदानाला मुलींची निवडलेली समिती हवी. पाच ते सात जणी, वर्षाची मुदत, आणि खरी कामं: वार ठरवणं, सामानाची किल्ली, स्पर्धेचं छोटं अंदाजपत्रक. खर्चाचा अधिकार न देता नुसती समिती नेमली तर सभेला खाऊ खाऊन मुली घरी जातात.

नव्वद मिनिटांचा सराव

चारला सुरुवात धरली तर पहिली दहा मिनिटं हजेरी आणि मैदान साफ करण्यात जातात. मग वीस मिनिटं फिफाचं ‘इलेव्हन प्लस’ वॉर्मअप: आठ मिनिटं हळू धावणं आणि सांधे मोकळे करणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, दोन मिनिटं वेगानं धावणं आणि दिशा बदलणं. हे गाळू नका. वयात आलेल्या मुलींमध्ये गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापतींचं प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त असतं, आणि शस्त्रक्रिया बहुतेकींच्या आवाक्याबाहेर असते. उडीनंतर जमिनीवर येताना गुडघे वाकलेले आणि पंजाच्या रेषेत हवेत, आत वळायला नकोत. प्रशिक्षकानं समोर उभं राहून एवढंच बघायचं. आठवड्यातून किमान दोनदा केलं तरच उपयोग होतो.

पुढे वीस-पंचवीस मिनिटं चेंडूची कौशल्यं, मग बारा मिनिटं गोलात बसून चर्चा, आणि शेवटी पाच-पाचचा सामना. चर्चा शेवटी ठेवायची पद्धत कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात शेवटी मुलींचं लक्ष जेरीकॅनकडे आणि मावळत्या उन्हाकडे असतं. सामन्याच्या आशेनं त्या बसतात, सामन्यानंतर बसत नाहीत.

चर्चेला दर वेळी विषय एकच. खेळातूनच विषय निघाला तर उत्तम. ‘ग्रासरूट सॉकर’च्या एका खेळात प्रत्येक शंकू म्हणजे एचआयव्हीचा एक धोका असतो, चेंडू घेऊन शंकूंमधून जायचं, शंकूला लागला तर पहिल्यांदा तिनंच जोर मारायचे, पुढच्या वेळी तिच्या संघानं, त्यानंतर सगळ्यांनी. एकीच्या धोक्याचा भार घरावर नि गावावर कसा येतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

धाप लवकर लागणारी, पापणीच्या आत फिकट दिसणारी मुलगी ‘आळशी’ ठरवू नका. मलेरिया, कृमी आणि पाळीतला रक्तस्राव मिळून रक्त कमी होतं. तिला दवाखान्यात पाठवा आणि हिमोग्लोबिन तपासा.

मुलग्यांसोबत खेळायचं का, आणि कधी

पहिलं पूर्ण वर्ष फक्त मुली. चेंडू अंगावर घ्यायची, ओरडून पास मागायची सवय त्याशिवाय लागत नाही. त्यानंतर मिश्र सामने ‘फुटबॉल३’ पद्धतीनं खेळवता येतात: सामन्याआधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग पंचाशिवाय खेळ, मग पुन्हा बसून एकमेकांच्या वागण्याला गुण. मधे पंचाऐवजी मध्यस्थ असतो, तो चर्चा चालवतो. निकालाचे आणि चांगल्या खेळाचे गुण एकत्र होतात. जिंकल्याला ३ गुण आणि वागणुकीला जास्तीत जास्त ३ असं धरलं, तर हरलेला संघही बरोबरी साधू शकतो. ‘मायसा’नं याच जातीचा विचार फार आधी केला होता: वस्तीची साफसफाई केली की त्याचे गुण लीगच्या तक्त्यात.

नियम मात्र नीट तपासा. ‘मुलीनं गोल केल्याशिवाय मुलग्यांचे गोल धरायचे नाहीत’ हा लोकप्रिय नियम फसतो. मुलगे एका मुलीला गोलसमोर उभं करतात, सगळे खेळून शेवटचा टोला तिच्या पायावर आणून देतात, आणि बाकीच्या मुलींना चेंडू दिसतही नाही. त्यापेक्षा ‘गोल धरण्यासाठी त्या चढाईत निदान दोन मुलींनी चेंडू खेळवलेला हवा’ असा नियम किंवा गोलकीपर मुलगीच, पण दर दहा मिनिटांनी बदलायची, हे बरं चालतं. कुठलाही नियम तीन सामन्यांनंतर मुलींनीच बदलावा किंवा ठेवावा. मुलग्यांच्या प्रशिक्षकांना वेगळं बसवून त्यांच्याशी वर्षभर काम करा. मुलींना नवे बूट, सहली, पाहुणे मिळतात आणि मुलग्यांच्या संघाला काहीच नाही, असं चित्र दिसलं तर राग मुलींवर निघतो, कार्यक्रमावर नाही.

स्पर्धांत आणखी एक प्रकार घडतो: चांगली, उंच, केस बारीक कापलेली खेळाडू दिसली की समोरचा संघ ‘ही मुलगी नाहीच’ अशी तक्रार करतो. नियमावलीत आधीच लिहा: नोंदणी जन्मदाखल्यावर किंवा शाळेच्या नोंदीवर, शरीराची तपासणी कुठल्याही कारणानं नाही, आणि अशी मागणी करणाऱ्या संघाचे गुण कापले जातील. मोठ्या पातळीवरही हा वाद सुटलेला नाही. २०२२ च्या स्त्रियांच्या आफ्रिका चषकात झांबियाच्या बार्बरा बांडाला वैद्यकीय पात्रतेच्या निकषांवरून बाहेर बसावं लागलं. पुढच्या वर्षी ती विश्वचषकात खेळली आणि स्त्रियांच्या विश्वचषकाच्या इतिहासातला हजारावा गोल तिच्या पायातून गेला.

काही वाईट घडलं तर

बालसुरक्षेचं धोरण सही करून कपाटात ठेवण्यासाठी नसतं. पहिल्या सरावाआधी दोन माणसं नेमा, एक बाई हवीच, आणि त्यांचे नंबर मैदानावर लावा. सोबत केनियाची बालक मदतवाहिनी ११६ आणि लिंगाधारित हिंसेची मदतवाहिनी ११९५. दोन्हींवर आधी स्वतः फोन करून पाहा, जवळचा सरकारी दवाखाना कोणता तेही विचारून ठेवा.

मुलीनं अत्याचाराबद्दल सांगितलं तर प्रशिक्षकानं ऐकायचं, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही’ एवढं म्हणायचं, आणि नेमलेल्या व्यक्तीला कळवायचं. खोदून विचारायचं नाही, गुपित ठेवण्याचं वचन द्यायचं नाही, संशयिताला गाठायचं नाही. वेळेचा हिशेब सगळ्यांना पाठ हवा: एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, गर्भधारणा टाळणारी गोळी १२० तासांच्या आत. आधी दवाखाना, पोलीस नंतर किंवा सोबतच. पी३ फॉर्मसाठी, म्हणजे पोलिसांच्या वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मसाठी, उपचार अडवू देऊ नका. अंघोळ न करता, अंगावरचे कपडे प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत घालून न्यावेत. नंतर घरचे आणि वडीलधारे पैसे घेऊन प्रकरण मिटवायला बसतात. त्या बैठकीत संस्थेच्या माणसानं बसायचं नाही, सही तर अजिबात करायची नाही. २००६ च्या लैंगिक गुन्हे कायद्यानुसार १८ खालच्या मुलीची ‘संमती’ ग्राह्य नाही.

सर्वांत जास्त धोका स्पर्धेच्या मुक्कामात आणि ‘परदेशी क्लबची निवडचाचणी’ घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसात असतो. मुक्कामाला दर दहा मुलींमागे एक बाई, झोपायच्या खोल्या वेगळ्या, आणि फोन वापरायला मोकळीक. चाचणीचं पत्र राष्ट्रीय संघटनेकडून पडताळल्याशिवाय पासपोर्टची कागदपत्रं कुणाच्या हाती देऊ नका.

मोजमाप आणि पैसे

नावनोंदणीचा आकडा अहवालात छान दिसतो; मोजायची ती हजेरी. नाव, तारीख, आली की नाही, आणि सलग तीनदा आली नाही तर घरी भेट. गळतीची वही वेगळी ठेवा, कारण मुलीच्या शब्दांत: लग्न, गरोदरपण, शाळेची फी, मोंबासात घरकामाला गेली, प्रशिक्षकाशी भांडण. वर्षअखेर त्या वहीची पानं मोजली की पुढच्या वर्षी पैसे कुठे घालायचे ते कळतं. गरोदर झालेल्या मुलीचं नाव कापू नका. खेळ थांबेल, पण चर्चेत, पंचाच्या कामात, समितीत तिची जागा राहू द्या आणि बाळंतपणानंतर दवाखान्यानं होकार दिल्यावर परत घ्या. केनियाच्या धोरणानुसार शाळेनं अशा मुलीला परत घ्यायलाच हवं, टांझानियानं बंदी उठवली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. शाळेत परत जायला घरच्यांना कुणीतरी सोबत लागतं, ते काम नेमलेल्या बाईचं.

‘तुझा आत्मविश्वास वाढला का’ हा प्रश्न विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात सरावाचे वार कुणी ठरवले? सामानाची किल्ली कुणाकडे आहे? तू सरावाला येतेस तेव्हा घरातलं तुझं काम कोण करतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘रात्री मीच करते’ असं आलं, तर कार्यक्रमानं तिच्या दिवसात एक काम वाढवलं आहे, आणि पुढची घरभेट त्याच विषयावर.

खर्चाची ढोबळ विभागणी अशी ठेवा: दर शंभर शिलिंगांतले पन्नासच्या आसपास माणसांवर, वीस प्रवास आणि स्पर्धेवर, दहा सामानावर, दहा बालसुरक्षा, दवाखाना आणि पॅडवर, उरलेले घरभेटी, पालकसभा आणि मैदानावर. देणगीदार बहुतेकदा सामानाला आनंदानं पैसे देतो आणि मानधनाला कां-कूं करतो. त्याच्या अर्जात बाई प्रशिक्षकाचं मानधन, पंचांचे वर्ग आणि चटईवरच्या बाईचे पैसे ‘कार्यक्रम खर्च’ या सदरात घाला, ‘प्रशासन’ या सदरात नाही. प्रशासनाची मर्यादा कमी असते आणि कात्री तिथेच आधी लागते. अनुदान संपण्याच्या सहा महिने आधी मैदानाचा करार संस्थेच्या नावावरून मुलींच्या समितीच्या नावावर नव्यानं करून घ्या. त्यावर त्याच तिघांच्या सह्या, आणि समितीच्या अध्यक्षेची चौथी.